जिथून मूस रानात शिरला

ब्येर्कमीर, ११ सप्टेंबर १९८३

आस्तामावशी,

"कॉलेज सोडून गावात काय दिवे लावतोयस?" असं तू आईला फोनवर विचारलंस म्हणे. तर ऐक. दिवेच लावतोय, पावाच्या गाडीचे. सकाळी बेकरीतून गाडी भरतो, रानातल्या त्या एकसारख्या रस्त्यांवरून गावोगाव पाव आणि वेलदोड्याचे बन टाकत जातो, आणि प्रत्येक दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचा तोच विनोद ऐकतो. "काय तोरकेल, झालास का जंगलाचा इंजिनियर?" "झालो की आजोबा, पावाचा." मग तो हसतो, मी हसत नाही, आणि पुढचं गाव येतं.

कॉलेजचं नाव काढू नकोस. जंगलात जन्मलेल्या पोराला जंगल शिकवायला तिथे एक मास्तर ठेवलाय. त्याचे बूट इतके चकाकतात की त्यानं झाड कुंडीतच पाहिलं असणार. त्याचं तोंड बघवेना, आलो सोडून. विषय संपला.

खरा विषय मारितचा. हाल्वारकाकांची मारित, तुला आठवत असेल, लहानपणी कुत्र्यांच्या घरात झोपायची ती. आता ग्रिम नावाचा करडा कुत्रा पाळलाय, आणि कुणाच्या गाडीनं मूस जखमी झाला की पोलीस हिलाच फोन करतात. ही जाते, माग काढते, एका गोळीत जनावराला वेदनेतून सोडवते. गावात दुसरं बघण्यासारखं काही नाही, आणि असतं तरी मी बघितलं नसतं.

आणि तिच्याभोवती आता एक फाबियान घुटमळतोय. स्टॉकहोमचा. विमा कंपनीत कसलासा साहेब आहे. जुनी शाळा विकत घेऊन तिथे राहायला आलाय, "मनःशांतीसाठी". हिरवी टोपी, टोपीत पीस, गळ्यात पिवळा रेशमी रुमाल, आणि बोटीएवढी लांब पांढरी गाडी. शिकारीच्या पहिल्या सोमवारी हाल्वारकाकांनी सगळ्यांना आपापली ठाणी वाटून दिली. मला कुठलं दिलं? दलदलीच्या कडेचं, जिथून एक वठलेलं झाड आणि स्वतःचं नशीब एवढंच दिसतं. आणि या पाहुण्याला? मारितच्या शेजारी! "त्याला शिकू दे रे," काका म्हणाले. मी जन्मल्यापासून शिकतोय, मला कुणी तिच्या शेजारी बसवलं नाही.

दुपारी शेकोटीजवळ कॉफी पिताना हा म्हणतो, "मूस म्हणजे जंगलाचा राजा!" मावशी, राजा! घोड्याएवढं हरीण, चार काठ्यांवर पोतं ठेवलंय आणि वर असं नाक, की देव ते करताना दुसरीकडेच बघत असणार. सडकी सफरचंदं खाऊन झिंगतो तो राजा. परवाच हेगबर्गबाईंच्या पोरांच्या झोक्यात शिंगं अडकवून सकाळभर उभा होता, आणि सगळा गाव खिडकीतून बघत होता. रस्त्यात येतो तो मरायलाच, आणि जाताना चांगली गाडी घेऊन जातो. असल्या जनावराला राजा म्हणणाऱ्यालाही मुली हसून बघतात, हे मला या वर्षी कळलं.

मारितला तुझं कौतुक आहे. बर्फात बस चालवणारी बाई म्हणून तुझं नाव घेते. तर मावशी, तिला एक पत्र टाक. माझ्याबद्दल. फार नको, दोन ओळी. समंजस, होतकरू वगैरे.

तुझा,
तोरकेल

*

लुलेओ, १९ सप्टेंबर

तोरकेल,

पत्र मिळालं. आईची खुशाली अर्ध्या ओळीचीही नाही, मूसला शिव्या भरपूर, आणि उरलेलं सगळं एका माणसाच्या टोपीबद्दल. इतक्या बारकाईनं मी लग्नाआधी नवऱ्याकडेही पाहिलं नव्हतं.

मारितला मी लिहिणार नाही. प्रेम म्हणजे बसचा पास नव्हे, दुसऱ्याच्या नावावर चालवायला. आणि "समंजस" हा शब्द मी तुझ्यापुढे लावला तर पोस्टमनसुद्धा पत्र परत आणून देईल.

मास्तरच्या बुटांची गोष्ट छान आहे. तुझी आई मात्र म्हणते की मारितनं तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही, म्हणून तू सामान बांधलंस. तुला मी पाळण्यात पाहिलंय, मला बूट दाखवू नकोस.

आता पोत्याबद्दल. परवा माझ्या बससमोर, पुलाच्या तोंडाशी, एक नर आडवा आला. दिवस माजाचे. कान मागे पडलेले, मानेवरचे केस उभे, जीभ ओठांवरून फिरतेय. मी इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. मागून एक ब्रीफकेसवाले गृहस्थ आले. "बाई, हॉर्न वाजवा ना. मला मीटिंग आहे."

म्हटलं, "साहेब, मीटिंग तुमची. तुम्हीच उतरून सांगा त्याला."

उतरला की रे बावळट! दोन पावलं गेला, हात हलवून "शूः शूः" केलं, जशी काही आजीची कोंबडी. परत आला तेव्हा ब्रीफकेस हातात नव्हती. मूसनं ती पुढच्या पायांनी तुडवून पार चपटी केली. नंतर कुणी वेळापत्रकाबद्दल चकार शब्द काढला नाही.

लोकांचं हेच. अस्वलाचं नाव काढलं की दारं लावतात, आणि मूसला हाडहूड करतात, कारण त्याचं तोंड विनोदी आहे. अरे, गाडी त्याच्या पायांना लागते आणि धड काच फोडून आत येतं. पोतं म्हणतोस ना? एकदा ते पोतं मांडीवर घेऊन बघ. आणि जो नुसता जखमी होऊन रानात शिरतो, त्याच्याइतकं वाईट तर काहीच नाही.

पाव वेळेवर टाक. वेग कमी ठेव. टोपीकडे कमी बघ.

मावशी

*

ब्येर्कमीर, २ ऑक्टोबर

मावशी,

तू लिहिलं नाहीस तरी काम झालं! फाबियान संपला. बसून वाच, हसून पडशील.

गुरुवारी दिवेलागणीला मी रिकामी गाडी घेऊन परत येत होतो. बंद पडलेल्या लाकूडगिरणीच्या वळणावर बघतो तर रस्त्यावर काच, डांबराला मूसचे केस, आणि कडेच्या बर्चच्या झाडाला साहेबांचा पिवळा रेशमी रुमाल! लगेच कळलं. मूस जखमी होऊन पळाला की जिथून तो रानात शिरला तिथे अंगावरचं काहीतरी बांधायचं आणि पोलिसांना कळवायचं, हे पुस्तकात वाचून आला असणार. पुढे दुकानात कळलं की तोंडात काच घुसली म्हणून त्याला अँब्युलन्सनं नेलं. हेगबर्गबाई म्हणाल्या, "रडत नव्हता हो, पण हात असे थरथरत होते, की मीच फोन फिरवून दिला." थरथरणारच. राजाची भेट झाली ना!

तर मावशी, दुकानात जायच्या आधीच मी गिरणीपाशी थांबलो, रुमाल सोडला, दलदलीच्या पलीकडच्या वळणावर नेला आणि रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला छान गाठ मारून बांधला. काच बुटानं चरात लोटली. मनात एवढंच, की शोधायला हाही येईल, दिवसभर कमरेएवढ्या चिखलात बेडकांशी गप्पा मारेल, आणि मारित बघेल. पण हा दवाखान्यात! शुक्रवारी उजाडताच हाल्वारकाका, मारित आणि ग्रिम त्या रुमालापासून निघाले. गुरुवारी रात्रभर पाऊस होता, माग सगळा धुतलेला. शुक्रवारी काही नाही, शनिवारी काही नाही. मारित भिजून काळीनिळी होऊन परत आली. त्याचं मला वाईट वाटलं, पण ऐक पुढे.

शनिवारी दुकानाच्या पायरीवर शिकारीची सगळी टोळी जमली होती. हाल्वारकाका म्हणाले, "धडक कुठेतरी झाली, हा पळाला पुढे, आणि मूस जवळपास नाही अशी जागा बघून रुमाल बांधला. भित्रा." आपल्याकडे माणूस एक वेळ खोटं बोलेल, पण बांधलेली खूण खोटं बोलत नाही. त्यामुळे दवाखान्यातून त्यानं फोनवर "धडक झाली तिथेच बांधला, तिथेच" असं कितीही सांगितलं तरी कोण ऐकतो? त्याला सगळे बर्च सारखेच.

आणि मारित! बूट उपडे करून पाणी काढत म्हणाली, "जनावर कुठेतरी तडफडतंय आणि हा स्वतःच्या जिवाला जपून खूण बांधतो. असल्या माणसाच्या हातचा पेला मी घेणार नाही, तहानेनं मेले तरी." मावशी, किती सुंदर दिसत होती सांगू!

मी तिला एक बन दिला. तिनं घेतला.

तुझा विजयी,
तोरकेल

*

लुलेओ, ४ ऑक्टोबर

गाढवा,

पत्र वाचून मी हसून पडले नाही. बस डेपोत लावली आणि फोनपाशी गेले. तुझ्याकडे तीनदा लावला. तीनही वेळा तुझी आई म्हणाली, "तो गाडी धुतोय." पावाची गाडी एवढी घाण कशानं होते रे?

मग हाल्वारला लावला. सांगितलं, मूस जुन्या गिरणीच्या मागे बघ, दलदलीकडे नको. तो म्हणाला, "आस्ता, लुलेओत बसून तुला कसं कळलं?" म्हटलं, "बसवाल्यांना सगळं कळतं, तू बंदूक घे आणि नीघ." तो आणि मारित आज दुपारीच जातायत.

रुमाल कुणी हलवला हे मी सांगितलं नाही. ते तोंड तुझं आहे, तूच उघड.

आणि एक ऐकून ठेव. जखमी मूस लांब जात नाही. रस्त्याच्या आवाजाच्या अंतरावर आडोसा बघून पडतो, ताप चढतो, आणि जो पहिला दिसेल त्याचा हिशेब करतो. त्या गिरणीपाशी बायका लिंगनबेरी वेचायला जातात. तुझी आईसुद्धा जाते. हे तुझ्या डोक्यात आलं नाही, कारण तिथे एक टोपी बसलीये.

हे पत्र हातात पडेल तेव्हा बसू नकोस. उभा असशील तसाच हाल्वारकडे जा.

आस्ता

*

ब्येर्कमीर, ६ ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र काल आलं. त्याच्या आदल्या दिवशीच सगळं घडून गेलं होतं, तेव्हा आधी मला शिव्या घालायच्या थांबव आणि वाच.

मंगळवारी दुपारी मी गिरणीवरून चाललो होतो. वळणावर ती पांढरी गाडी, समोरच्या काचेला प्लास्टिक चिकटवलेलं. म्हटलं, हा इथे कसा? थांबलो. तेवढ्यात ओरडणं ऐकू आलं. साहेब दवाखान्यातून सुटल्या सुटल्या, तोंडाला पट्ट्या बांधून, एकटे, नुसत्या काठीनिशी आपलं खरेपण सिद्ध करायला आले होते. काठी! मूर्खपणालाही काही माप असतं.

गिरणीमागे ओंडक्यांची जुनी रास आहे ना, तिच्या आणि भिंतीच्या सांदीत तो पडला होता. समोर मूस. मोठा नर, मागचा एक पाय लोंबत होता. तीन पायांवर उभा राहून तो पुढच्या खुरानं ओंडक्यांवर मारत होता, आणि दर फटक्याला लाकडाच्या ढलप्या उडत होत्या. मावशी, मी त्याला पोतं म्हणालो होतो. त्याच्या घशातून येणारा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या घशातूनही ऐकला नाही.

मी काय केलं ते विचार करून केलं नाही. गाडी रस्त्यावरून खाली घातली, दगडधोंडे तुडवत थेट दोघांच्या मध्ये नेली आणि हॉर्नवर कोपर ठेवलं. त्यानं गाडीकडे तोंड वळवलं. पहिल्या फटक्यात बाजूचा पत्रा आत आला, दुसऱ्या फटक्यात मागचं दार उघडलं आणि सगळे ट्रे खाली. मी पलीकडच्या दारातून उतरून फाबियानला काखेत धरून ओढत होतो. तो म्हणत होता, "टोपी, माझी टोपी." शपथेवर सांगतो, एक क्षण मनात आलं, इथेच सोडावा.

मग कुत्र्याचा आवाज आला, आणि एक गोळी. एकच. मारितची.

ती जनावराजवळ जाऊन बसली. पाय पाहिला. सुजून काळा झाला होता, वास येत होता. भोवतालचं गवत त्यानं पडून पडून सपाट केलं होतं. ती म्हणाली, "इतके दिवस इथेच होता. रस्त्यापासून दगड मारावा इतक्यावर." मग तिनं फाबियानकडे पाहिलं. हाल्वारकाकांनीही.

तो म्हणाला, "मी इथेच बांधला होता रुमाल. या वळणावर."

मी चिखलातले बन गोळा करत होतो.

आता पुढचं. मावशी, मी गावाचा हिरो आहे! हाल्वारकाकांनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. बेकरीवाल्यानं पत्र्याचं नाव काढलं नाही. बाबा दोनदा माझ्याशी आपण होऊन बोलले. आणि मारितनं काल मला घरी जेवायला बोलावलं, वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. म्हणाली, "तू आधी असा वाटला नव्हतास." शिवाय माग काढायला तिच्याबरोबर दुसरा माणूस लागतो, तर काकांनी माझं नाव सुचवलं, आणि ती हो म्हणाली! हो म्हणाली, मावशी!

फाबियानला टोळीतून काढलं. दुकानात तो आला की बोलणी थांबतात. शाळेचं घर विकायला काढलंय म्हणे. जाऊ दे. इथे कुणी बोलावलं होतं?

तर आता सांगून काय मिळणार आहे, तू सांग. मूस मेला. माणूस वाचला, मीच वाचवला. झालं ना फिट्टंफाट? तू फक्त गप्प राहा. एवढं कर माझ्यासाठी.

तोरकेल

*

लुलेओ, १० ऑक्टोबर

तोरकेल,

अभिनंदन. आपणच विहिरीत ढकललेल्या माणसाला दोर टाकलास, आणि आता दोराचा सत्कार घेत फिरतोयस.

गाडी मध्ये घातलीस, ती हिंमत खरी. ती मी नाकारत नाही. म्हणून तर तुझी जास्तच शिसारी येते. भित्रा असतास तर समजून घेतलं असतं.

मारित म्हणाली, "तू असा वाटला नव्हतास." बरोबरच म्हणाली पोरगी. तू तसा नाहीसच. ती सूप वाढतेय ते कुणा दुसऱ्यालाच, आणि तू त्याच्या खुर्चीत बसून चमचा चालवतोयस. किती दिवस बसणार? लग्नापर्यंत? पोरं होईपर्यंत? दर वेळी फोन वाजेल, कुठेतरी कुणीतरी थरथरत्या हातानं खूण बांधलेली असेल, आणि ही तुझ्यावर भरवसा ठेवून अंधाऱ्या रानात शिरेल.

मी हाल्वारला सांगणार नाही. तुझं काम मी का करू? बस चालवून माझे हात आधीच दुखतात.

पण सांगून होईपर्यंत मला पत्र लिहू नकोस. आलं तर न फोडता परत पाठवीन. तिकीट तुझं वाया जाईल.

आस्ता

*

ब्येर्कमीर, २८ ऑक्टोबर

मावशी,

फोड. सांगून झालंय.

आधी तुझ्यावर इतका भडकलो होतो की तुझं पत्र चुलीत घातलं. म्हटलं, म्हातारी जळते, दुसरं काय! तू नाही लिहिलंस तर माझं काय अडणार? पंधरा दिवस मी मारितबरोबर हिंडलो. दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी चर्चच्या उतारावर कुणा नर्सबाईनं आपला मोजा बर्चाला बांधला होता. मारितनं त्या मोज्यावर हात ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा. म्हणाली, "बघ, घाबरलेली होती, गाठ वेडीवाकडी आहे. पण जागेवर आहे." आणि ग्रिमची दोरी सैल सोडून निघालीसुद्धा, मागे वळून न बघता, कारण मागे मी होतो. मादी शंभर पावलांत सापडली. मला उलटी झाली. मारितला वाटलं, रक्त बघून.

मग फाबियान. गेल्या आठवड्यात त्यानं रस्त्यात माझी गाडी थांबवली. म्हटलं, आता आभार मानणार. मी आधीच तोंड वाकडं केलं. "पाव संपला साहेब."

"पाव नको," तो म्हणाला. गालावरची शिवण अजून लाल आहे. "तू या रस्त्यानं रोज जातोस म्हणून विचारतो. त्या दिवशी डोक्याला मार होता हे खरं. पण मला गिरणीची भिंत आठवते, ओंडके आठवतात, गाठ मारतानाचा बर्च आठवतो. सगळे म्हणतात तसं काही नव्हतं. तर मला खरं सांग, माणसाला न झालेलं इतकं स्पष्ट आठवू शकतं का? माझी आई शेवटी अशीच झाली होती. मला भीती वाटते."

मावशी, मला तो तेव्हाही आवडला नाही. आताही आवडत नाही. टोपीतलं पीस वाकडं झालंय तरी घालतो. पण त्यानं जे विचारलं, ते विचारायला मी भाग पाडलं होतं, आणि मी काय म्हणालो ऐक. "काय माहीत," म्हणालो, आणि गियर टाकला.

माजाच्या दिवसांत थांबलेली शिकार पुन्हा सुरू झाली, आणि काल पहिला मूस पडला. संध्याकाळी हाल्वारकाकांच्या शेडमध्ये वाटप. मांसाचे सारखे ढीग करून फळ्यांवर मांडले. काका म्हणाले, "या वर्षी पाठ तोरकेलची." आपल्याकडे ही पाठ कुणाची धरतात ते तुला सांगायला नको. ज्याच्या शब्दावर कुणी वाद घालणार नाही, त्यालाच ढिगांकडे पाठ करून उभा करतात. कुठल्या ढिगावर हात आहे ते त्याला दिसत नाही आणि तो नाव घेतो, म्हणजे कुणाला चांगला वाटा मुद्दाम मिळत नाही. बाबा दाराशी उभे होते. त्यांना ही पाठ कधी मिळाली नाही. त्यांनी टोपी नीट केली.

मी भिंतीकडे तोंड केलं. मागून काकांनी विचारलं, "हा कुणाचा?"

"बिर्गेरचा."

"हा?"

"हेगबर्गबाईंचा."

"हा कुणाचा?"

माझ्या तोंडून निघालं, "फाबियानचा."

कुणीतरी हसलं. काका म्हणाले, "अरे, तो टोळीत नाही."

"तर माझा वाटा त्याला द्या. त्यानं रुमाल बरोबर बांधला होता, गिरणीपाशीच. तिथून तो मी हलवला."

मागे कुणीतरी सुरी फळीवर ठेवली. मी भांडायची तयारी करून आलो होतो मावशी, प्रत्येकाला काय सुनवायचं ते पाठ होतं. बाबांना वेगळं, काकांना वेगळं. कुणी एक शिवी दिली असती तर सगळं बाहेर पडलं असतं. कुणी दिलीच नाही. दार उघडल्याचा आवाज आला, बाबांच्या बुटांचा आवाज लांब गेला. मी भिंतीतल्या एका खिळ्याकडे बघत उभा. फिरावं की नाही, कळेना.

मग प्रश्न आला, पण आवाज काकांचा नव्हता. मारितचा.

"हा कुणाचा?"

तिनं पुन्हा विचारलं, तशाच सुरात, ज्या सुरात पहाटे कुत्र्याला हुकूम देतात. "हा कुणाचा?"

मी नाव घेतलं. पुढचं घेतलं. ढीग संपेपर्यंत ती विचारत राहिली आणि मी भिंतीला उत्तरं देत राहिलो. मग म्हणाली, "झाले."

फिरलो तर शेड रिकामी. सगळे आपापला वाटा उचलून गेले होते. अंगणात काका एक पुडकं कागदात गुंडाळून गाडीत बसत होते, जुन्या शाळेकडे निघाले होते. माझ्याकडे बघितलं नाही. मारित रिकाम्या फळ्या खरवडत होती.

"मारित," म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. "ते टोक धर. ओल्या फळ्या एकटीला उचलत नाहीत."

आम्ही फळ्या ओढ्यापर्यंत नेल्या, एकेक करून धुतल्या. पाणी लाल, मग गुलाबी, मग पाणी. शेवटची फळी उभी करून ती म्हणाली, "मागावर माझ्याबरोबर येऊ नकोस यापुढे. ग्रिमची दोरी तुझ्या हातात देणार नाही."

"बरं."

"दोन दिवस मी चिखलात शोधत होते, आणि तू मला बन दिलास."

"हो."

"मी खाल्ला." हे ती अशी म्हणाली, मावशी, की तोंडात अजून असता तर थुंकली असती. मग तिनं हात पुसले. मीही. जा म्हणेल म्हणून थांबलो होतो.

"गेल्या शनिवारी आमचा पाव आला नाही," ती म्हणाली.

"मी... मला वाटलं, आता मी जेवायलाच येतोय तर..."

"जेवायला नाही. पाव. आईला राईचा लागतो. दारात ठेव. आत यायचं नाही, हाक मारायची नाही."

एवढं बोलून ती घरात गेली आणि कडी लावली.

बाबा आज सकाळपासून बोललेले नाहीत. दुकानाच्या पायरीवर म्हाताऱ्यानं मला इंजिनियर झालास का म्हणून विचारलं नाही, नुसता पाव घेतला. फाबियान घर विकतो की राहतो, कुणाला ठाऊक नाही, आणि मला विचारण्याची सोय नाही. तू काय लिहिशील तेही मला माहीत आहे, तेव्हा लिहिलं नाहीस तरी चालेल. पण लिही.

उद्या शनिवार. राईचा पाव बाजूला काढून ठेवलाय. दारात ठेवीन.

तोरकेल